समोरचं वजन

"पाय द्या आजी," ती पांढऱ्या कोटातली मुलगी म्हणाली.

"आजी कुणाला म्हणतेस गं?" वन्सं म्हणाल्या. "आणि पाय असा मागतात होय? आधी पाटावर उभं करावं, ऊन पाणी घालावं, हळदकुंकू लावावं. मग मागावा."

राममंदिराच्या सभागृहात आम्ही अकराजणी रांगेत बसलो होतो, त्या सगळ्या हसल्या. ती मुलगीही हसली. मग वन्संनी लुगड्याचा काठ जरा वर धरला आणि टाच त्या यंत्रात ठेवली. यंत्र म्हणजे वजनकाट्याएवढं एक खोकं होतं. टाचेला गार चिकट काहीतरी लावायचं, पाय आत सरकवायचा, यंत्र जरा वेळ गुरगुरायचं आणि बाजूने कागदाची पट्टी बाहेर यायची. पट्टीवर तीन रंग, हिरवा, पिवळा आणि तांबडा. कुठल्याशा औषध कंपनीने हाडांची मोफत तपासणी ठेवली होती. आमचा मंगळागौरीच्या खेळांचा सराव त्याच सभागृहात चालायचा, म्हणून सुलोचनाबाईंनी सगळ्यांना तासभर आधी बोलावलं होतं.

या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. कराडात तेव्हा असे खेळांचे दोन-तीन गट होते. श्रावणात मंगळागौरीला बोलावणी यायची, एरवी बारशाला, डोहाळजेवणाला. पण आम्ही काही बोलावण्यांसाठी खेळत नव्हतो. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच वाजले की पदर खोचून खेळायला मिळायचं, एवढ्यासाठीच बायका यायच्या. आमच्यात बँकेतली होती, शिवणाचा वर्ग चालवणारी होती, पाटणहून एसटीने येणारी एक शिक्षिका होती.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, कृष्णाबाई. गटात सगळ्या त्यांना कृष्णाक्का म्हणायच्या. त्या तेव्हा त्रेसष्टच्या, मी एकोणसाठची. बारा वर्षं आमची फुगडीची जोडी होती. नणंद-भावजयीची जोडी म्हणून लोकांना त्याचं फार कौतुक.

"ह्यांचं घरात पटत न्हाई, म्हणून हितं येऊन एकमेकींना गरागरा फिरवत्यात," असं सुलोचनाबाई पाहुण्यांना सांगायच्या.

आमच्या गटाचा एक नियम होता. फुगडीची जोडी एकदा ठरली की बदलायची नाही. नियम वन्संनीच घातला होता. त्या म्हणायच्या, "फुगडीत आपण उभ्या नसतोच. आपण पडत असतो. समोरची पडत असते म्हणून दोघी उभ्या. ते माप एकमेकींच्या अंगाला कळायला वर्ष जातं. उगाच आज हिच्याबरोबर, उद्या तिच्याबरोबर केलं की दात पडतील."

त्यांची पट्टी बाहेर आली. त्या मुलीने पाहिली आणि तिचं हसू जरा कमी झालं. माझी पिवळी आली होती. वन्संची तांबड्यात होती, पार शेवटाला.

"आजी, एकदा डॉक्टरांना दाखवा हं," ती म्हणाली.

"दाखवते की," असं म्हणून वन्संनी पट्टीच्या चार घड्या करून ती कनवटीला लावली. "चला गं. पाच वाजले."

आणि त्या दिवशी त्यांनी बसफुगडी घातली. उकिडवं बसायचं, समोरासमोर हात धरायचे आणि बसल्या बसल्या एकेक पाय झटकन पुढे फेकत राहायचं. तिशीतल्या पोरी वीस मोजेपर्यंत भुईवर लोळायच्या. वन्संनी सत्तर मोजले. माझ्या मांड्या भरून आल्या, मी म्हटलं, "वन्सं, पुरे." त्या म्हणाल्या, "तांबडं निशाण दाखवतात होय मला!" आणि आणखी दहा मोजले.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. मी हसत हसत सांगत होते, त्या पायाच्या विनोदापासून. पण ह्यांनी तेवढी तांबडी पट्टीच धरून ठेवली. बहिणीवर फार जीव होता त्यांचा. त्याच रात्री त्यांनी भाच्याला फोन केला.

त्यानंतर जे झालं ते माझ्या तोंडातून सुरू झालं. मी सांगितलं नसतं तर ती पट्टी कनवटीतच धुतली गेली असती.

श्रीनिवास दुसऱ्या दिवशी दुपारीच आला. तो पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. वन्संचा एकुलता एक. नऊ वर्षांचा असताना वडील गेले. त्याच्या दहावीच्या वर्षी तो आमच्याकडेच राहिला होता, पहाटे मी त्याला उठवायचे. मोठा झाला तरी तो आमच्या घरात पाहुण्यासारखा कधी बसला नाही, थेट स्वयंपाकघरात यायचा. त्या दिवशीही आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. मी वालाच्या बिरड्या सोलत होते.

"मामी, आईचं खेळणं बंद करायचं," तो म्हणाला.

"ते माझ्या हातात आहे होय? तुझी आई माझं ऐकते?"

"आमच्या देसाईसरांची आई. बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं. तीन महिन्यांत गेली. तिची पट्टी पिवळीच होती मामी." त्याने माझ्यापुढची एक बिरडी उचलली आणि नुसतीच बोटांत फिरवली. "आई त्या वेड्यासारख्या उड्या मारते. हात सुटला तर?"

"बारा वर्षांत सुटला नाही."

"एकदाच सुटायचा असतो."

मी सोललेल्या बिरड्यांचं भांडं बाजूला केलं.

"डॉक्टरांना दाखवू या ना आधी," मी म्हटलं.

"दाखवू की. पण ती येणार आहे का? मागच्या वर्षी दात दुखत होता तेव्हा दोन महिने लवंग धरून बसली. आणि डॉक्टर तरी काय सांगणार? जपा म्हणूनच सांगणार." मग तो खाली बसला, अगदी माझ्यासमोर, जमिनीवर. "मामी, तुम्ही नाही खेळलात तर ती खेळणार नाही. जोडी मोडायची नाही म्हणते ना ती? तुम्ही थांबा. काहीतरी कारण काढा. गुडघा दुखतो म्हणा."

"खोटं बोलू तिच्याशी?"

"आणि हे मी सांगितलं असं तिला कळू द्यायचं नाही. म्हणेल, मुलगा मला म्हातारी करायला निघाला. तुम्हाला माहीत आहे ना ती." त्याचे डोळे भरले होते. अडतीस वर्षांचा बाप्या, पण मला तो ओट्याखाली लपून बाबांसाठी रडणारा मुलगा दिसत होता. "मला एकच आहे ती, मामी."

दारात हे उभे होते. माझ्याकडे पाहत होते. मी हो म्हटलं.

शुक्रवारी सरावाला मी गेले ती डाव्या गुडघ्याला पट्टा बांधून. वन्संनी पाहिलं आणि पहिला शब्द आला तो, "कुठे आपटलीस?"

"आपटले नाही. कळ येते आतून. उठताना बसताना."

"बस इथे." त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, स्वतः खाली बसल्या आणि पट्टा सोडून गुडघा दाबून पाहायला लागल्या. "इथे? इथे दुखतं?"

मी कुठेही हो म्हणत होते.

"म्हातारी झालीस भवाने, माझ्याआधी," त्या म्हणाल्या. मग सुलोचनाबाईंना हाक मारून सांगितलं, "आमची जोडी महिनाभर बसणार हो."

"अवो आक्का, तुमी कशाला बसताय? तुमी त्या शिक्षिकाबाईसंगं घाला की फुगडी. ती बी एकटीच हाय."

"जोडी मोडायची नाही."

"झिम्मा तरी खेळा. पिंगा घाला. त्याला काय जोडी लागती?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. "ही इथे तोंड पाडून बसणार आणि मी तिच्यासमोर नाचू? राहू दे हो. बरी झाली की दोघी येऊ."

मला वाटलं होतं, त्या फक्त फुगडी सोडतील. त्या सगळंच सोडून माझ्याशेजारी खुर्चीवर येऊन बसल्या. तिथेच उठून सांगायला हवं होतं. मी पट्ट्याची टोकं चिकटवत राहिले.

महिना झाला, श्रावण आला आणि गेला. सहा ठिकाणची बोलावणी आमच्याशिवाय झाली. नंतर आम्ही सरावाला जाणंच सोडलं. पाच वाजले की वन्सं माझ्याकडे यायच्या, नाहीतर मी त्यांच्याकडे लंगडत जायचे. त्यांच्या घरामागे अंगण होतं, पलीकडच्या बिऱ्हाडाशी सामाईक असलेला पाण्याचा हौद होता. पायरीवर बसून आम्ही भाजी निवडायचो, वाती वळायचो. त्या मला निर्गुडीचा पाला शेकायला द्यायच्या. कधी स्वतः तेल चोळायच्या. सशक्त, तंदुरुस्त गुडघ्याला तेल चोळून घेणं किती कठीण असतं, ते मला विचारा. एकदा तर मी घरून निघताना विसरले आणि पट्टा उजव्या पायाला बांधून गेले. वन्संनी पाहिलं. "आज कळ इकडे सरकली वाटतं," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "हो, तोही दुखतो अधूनमधून."

श्रीनिवास मात्र निर्धास्त झाला होता. रस्त्यात भेटला की हात जोडायचा. "उपकार झाले मामी." त्याने आईची माडीवरची खोली खाली आणली, जिना नको म्हणून. भारतीय बैठकीचा संडास काढून कमोड बसवला. पाणी भरायला बाई लावली. मेधा, त्याची बायको, गुणी पोर, ती सासूला भाजीची पिशवीसुद्धा उचलू द्यायची नाही. "आई, तुम्ही बसा. मी आहे ना." दिवसातून वीस वेळा कुणी ना कुणी वन्संना बसा म्हणत होतं. आणि वन्सं, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं नाही, त्या बसत होत्या.

माघात एकदा असंच संध्याकाळी आम्ही पायरीवर तांदूळ निवडत होतो. पलीकडच्या बिऱ्हाडातली छकुली, दीड वर्षाची, कधी दुडदुडत आली ते कळलं नाही. हौदाच्या कट्ट्याला तिने हात लावला, मग पोट टेकवलं, आणि पाहते तो तिचे दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले. माझ्या हातातलं सूप कुठे गेलं ठाऊक नाही. तीन पायऱ्या मी एका उडीत उतरले, अंगण ओलांडलं आणि तिला झबल्याला धरून मागे खेचलं. ती रडली, तिची आई धावत आली, एकच गोंधळ झाला.

सगळं निवल्यावर मी वळले. वन्सं पायरीवरच बसलेल्या होत्या. त्यांनीही उठायचा प्रयत्न केला असावा, एक हात जमिनीला टेकलेला होता. त्या माझ्या गुडघ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी नजर वर केली.

"पोर वाचलं," त्या म्हणाल्या.

मी लंगडत परत आले. काय पण ते लंगडणं! सूप उचललं, सांडलेले तांदूळ भरले. वन्संनी एक शब्द विचारला नाही. त्या दिवसानंतर निर्गुडीचा पाला आला नाही, तेलाची वाटी आली नाही. मला वाटलं, विसरल्या असतील. खरं म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं.

उन्हाळ्यात माझ्या लक्षात यायला लागलं. त्यांच्या हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत जायला लागल्या. चोळ्यांच्या बाह्या ढिल्या झाल्या. जमिनीवरून उठताना त्या आधी गुडघ्यावर यायच्या, मग एक हात भिंतीला, मग दुसरा. पूर्वी मांडी घालून बसलेल्या वन्सं हात न टेकता सरळ उभ्या राहायच्या. ते बघून सुलोचनाबाई म्हणायच्या, "आक्का, तुमी कमळासारख्या उगवता बगा." आता नारळ फोडायला त्यांनी मेधाला हाक मारली. रस्ता ओलांडताना माझा दंड धरला. दंड धरलेल्या त्या बोटांत जोर नव्हता.

मी श्रीनिवासला गाठलं. "अरे, आई वाळत चाललीय. तिला जरा हिंडू-फिरू दे. मी घेऊन जाते, नुसतं चालायला."

"वय होतंय मामी. वर्षभर एकदा धडपडली नाही, हे बघा ना तुम्ही. आता श्रावण येईल. तुम्ही गुडघा बरा झाला म्हणालात की ती लगेच पदर खोचेल. थोडं धरून ठेवा."

ह्यांना म्हटलं तर हे म्हणाले, "त्याची आई आहे. त्याला कळत नसेल का? आणि तू शब्द दिला आहेस."

मग मी वन्संनाच म्हटलं, एक दिवस, फार उसनं अवसान आणून. "वन्सं, गुडघा बरा वाटतोय आता. जाऊ या का मंगळवारी?"

त्या वाती वळत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "राहू दे गं. झालं तेवढं पुष्कळ झालं."

मला त्या वाक्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. मी इतकंच समजले की आता फार उशीर झाला आहे.

श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी श्रीनिवासच्या चुलतभावाच्या सुनेची मंगळागौर होती. पहिलीच, म्हणून थाटात. वन्सं घरातल्या वडीलधाऱ्या, पण विधवा म्हणून कडेला राहणाऱ्यातल्या नव्हत्या. नव्या मुलीला पूजा सांगायला त्याच पाटावर बसल्या. खुर्ची देत होते, पण त्या म्हणाल्या, "देवीसमोर खुर्चीवर बसू? मला काय झालंय?" तास-दीड तास पूजा चालली. सोळा प्रकारच्या पत्री वाहून झाल्या. आरतीला सगळे उभे राहिले.

वन्संही उठायला लागल्या. मी समोरच होते, चार हातांवर. त्यांनी दोन्ही तळवे जमिनीला लावले. कंबर वर आली. गुडघे थरथरायला लागले, लुगड्यावरून दिसत होतं. त्यांच्या तोंडावर नवल होतं. आपलेच पाय आपल्याला ओळखत नाहीत असं काहीतरी. बसफुगडीत ऐंशी मोजणाऱ्या त्या मांड्या. मी निरांजन खाली ठेवलं आणि पुढे झाले तोवर त्या डाव्या कुशीवर कलल्या. उंचावरून नाही, धावताना नाही, उडी मारताना नाही. पाटावरून जमिनीवर. एवढंसं पडणं. पण आवाज आला, वाळकी फांदी मोडावी तसा. तो मला अजून ऐकू येतो.

इस्पितळातल्या डॉक्टर तांबोळी तरुण होत्या, बोलायला मऊ. खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करून सळई घातली. ती झाल्यावर त्यांनी श्रीनिवासला बाहेर बोलावलं. मी त्याच्याशेजारी उभी होते.

"आधी काही तपासणी झाली होती का?" त्यांनी विचारलं.

श्रीनिवासने पाकिटातून ती पट्टी काढली. केव्हा त्याने आईच्या कपाटातून घेतली होती कोण जाणे. घड्यांवर रंग उडाला होता, तांबडा तेवढा शाबूत होता.

"ही टाचेची आहे. एवढ्यावरून नक्की काही कळत नाही. पुढची तपासणी करायला हवी होती. कुठल्या डॉक्टरांना दाखवली?"

"नाही दाखवली," श्रीनिवास म्हणाला. "पण तेव्हापासून आम्ही फार जपलं. त्या खेळायच्या, मंगळागौरीचे खेळ. ते लगेच बंद केलं. जिना बंद, वजन उचलणं बंद. वर्षभर काहीच करू दिलं नाही."

डॉक्टरांनी पट्टी त्याला परत दिली. "किती वर्षं खेळत होत्या?"

"बारा," मी म्हटलं. "आठवड्यातून दोनदा. बसफुगडीसुद्धा."

"या वयात?" त्यांचा आवाज बदलला. "कुणी सांगितलं बंद करायला?"

श्रीनिवास पट्टीची घडी घालायला लागला.

"हे बघा, मी तुम्हाला दोष देत नाही. सगळी घरं असंच करतात. पण हाडाला भार मिळाला तरच ते टिकतं. स्नायू तर त्याहून लवकर जातात, म्हाताऱ्या माणसाचे आठवड्या-आठवड्याला जातात. त्यांच्या मांड्यांत काही उरलेलं नाही. पाटावरून उठताना तोल गेला, तो सावरायला पायात ताकदच नव्हती. उड्या कमी करायला सांगितल्या असत्या आम्ही, गिरक्या कमी केल्या असत्या, औषधं दिली असती. पण खेळ बदलायचा होता, थांबवायचा नव्हता." मग त्या हळू म्हणाल्या, "खेळत राहिल्या असत्या तर पडल्याच नसत्या, असंही मी म्हणू शकत नाही. ते कुणीच सांगू शकणार नाही."

त्या निघून गेल्या. श्रीनिवास बाकावर बसला. ती पट्टी त्याच्या हातात होती. तो माझ्याकडे वळला. मी त्याला काय म्हणणार होते? तू सांगितलंस? मी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत गेले तेव्हा वन्सं एकट्या होत्या. उशाला टेकून बसवलेल्या. मी घाईत आत शिरले आणि त्यांच्या जेवणाचा डबा टेबलावर ठेवला.

"गुडघा बरा झाला वाटतं," त्या म्हणाल्या.

मी तिथेच थांबले. पट्टा घरी राहिला होता. लंगडायचंही राहून गेलं होतं.

"बस. आता कशाला सोंग." त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच फार वाईट होतं. "छकुलीला धरायला धावलीस ना, तेव्हाच कळलं मला. हरणासारखी गेलीस की गं."

"वन्सं…"

"मी विचारलं नाही. म्हटलं, कसं विचारायचं? बारा वर्षं खेळली माझ्याबरोबर, आता कंटाळली असेल. त्रेसष्टची बाई ऐंशी मोजते नि सगळ्यांसमोर मिरवते, तिच्याबरोबर उभं राहायची लाज वाटत असेल. भावजयीला तोंडावर सांगता येतंय होय, नणंदेला? म्हणून गुडघ्याचं निमित्त केलंन बिचारीने." त्या जरा थांबल्या. दम लागला होता. "मग मला वाटलं, मीच बाजूला झालेलं बरं. तू म्हणालीस ना परवा, जाऊ या म्हणून? ते दया म्हणून म्हणालीस. मला कळत होतं."

"नाही हो वन्सं. कंटाळा नव्हता. देवाशपथ सांगते, कंटाळा नव्हता."

"मग काय होतं?"

त्या माझ्याकडे सरळ पाहत होत्या. मी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात त्यांच्या मागच्या दारात श्रीनिवास आला, हातात चहाचा थर्मास घेऊन. त्याने शेवटचं तेवढं ऐकलं असावं. तो जागच्या जागी थांबला. त्याने मान हलवली नाही, हात जोडले नाहीत, काहीच केलं नाही. नुसता उभा राहिला, थर्मास छातीशी धरून. तीन दिवसांची दाढी वाढलेली.

खरं सांगितलं असतं तर वन्संना त्यांची भावजय परत मिळाली असती आणि मुलगा गेला असता. त्या अंथरुणात, त्या पायाने. मी कुणाला उचलून कुणाला देणार होते?

"मग काय होतं, शरयू?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, जशी अपेक्षाच होती. "असू दे," त्या म्हणाल्या.

श्रीनिवास आत येऊन चहा ओतायला लागला. 

वन्सं पुढच्या वैशाखात गेल्या. ही गोष्ट मी ह्यांना शेवटपर्यंत पुरती सांगितली नाही. श्रीनिवास दर दिवाळीला येतो, वाकून नमस्कार करतो. साठीला आलाय तो आता. रोज सकाळी संगमावर चालायला जातो, गुडघे दुखले तरी जातो. मला म्हणतो, "मामी, तुम्हीही उठत-बसत राहा हं." त्यापलीकडे आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही.

पण मला आठवते ती इस्पितळातल्या त्याच तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पेशंटला उभं करायचंच. व्यायाम घेणारी एक धिप्पाड पोरगी आली. वन्संना तिने पलंगाच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडले.

"मावशी, तुम्ही समोरून हात धरा," ती मला म्हणाली. "मी मागून कंबर धरते. तीन म्हटलं की ओढायचं."

मी पुढे झाले. वन्संनी हात पुढे केले. आणि सवयीनेच त्यांचे हात एकमेकांवरून आले, उजवा वर, डावा खाली, फुगडीची अढी. माझेही तसेच गेले. त्यांनी पायाचे अंगठे माझ्या अंगठ्यांना लावले. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि त्या किंचित हसल्या.

"एक," ती पोरगी म्हणाली. "दोन. तीन."

मी मागे झुकले, बारा वर्षं झुकत होते तशी, समोरचं वजन येणार या भरवशावर.

ते आलंच नाही.